बॅटीवरील नाममुद्रा

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या नातवानें नवी बॅट घेतली. तो पुण्यास सातव्या इयत्तेंत शिकतो. मुंजीचे, वाढदिवसाचे व आत्या-मावश्यांनीं हातावर ठेवलेले असे सहा हजार रुपये त्यानें दोन वर्षें सांठविले होते. ते सगळे या एका वस्तूपायीं खर्च झाले. खंडेनवमीस ती बॅट देवघरापुढें विळी, कात्री व पकड यांच्या पंक्तीस बसली आणि तिलाहि गंध-फूल मिळालें. पुढें दिवाळीच्या सुटींत ती नातवाबरोबर आजोळीं आली. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघाल्यावर यवताच्या अलीकडे, दौंड तालुक्यांत, कासुर्डी हें गांव लागतें. तेथें आम्ही निवृत्तीनंतर राहतों.

बॅट खरोखर देखणी होती. पाठीवर वीतभर लांबीचें, सोनेरी अक्षरांतलें एका कारखान्याचें नांव. दोन्ही कडांवर तेंच नांव. पुढल्या अंगास, खांद्याच्या खालीं, पुनः तेंच. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या देखील, "अहो, हिच्या अंगावर लांकडापेक्षां लेखनच अधिक दिसतें!" पांचव्या दिवशीं पाठीवरील त्या स्टिकरचें एक टोंक सुटलें. मुलानें तें नखानें ओढलें आणि खालीं बोटभर लांबीची चीर उघडी पडली. चिरेंत सुतारी लांबी भरून ती वरून घासून गुळगुळीत केलेली होती. नातू रडला नाहीं. त्यानें आम्हांस एवढेंच विचारलें, "आजोबा, वरचें नांव खरें आहे, मग खालचें लांकूड खोटें कसें?"

मुलांस प्रश्न विचारण्यांत आमचीं छत्तीस वर्षें गेलीं. परंतु या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. उत्तर शोधतां शोधतां बॅट या वस्तूविषयीं जें हातीं आलें, आणि आमच्याच हातून पूर्वीं घडलेली जी एक चूक आठवली, तीं दोन्ही वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम बॅटीच्या देहाविषयीं. आमच्या लहानपणीं वडील मंडळी या खेळास चेंडूफळी म्हणत; त्या शब्दांतील फळी ही मूळची फळी नव्हतीच, ती काठी होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत चेंडू जमिनीवरून सरपटत टाकण्याची चाल होती. म्हणून त्यास अडविणारें लांकूडहि टोंकाशीं वांकलेलें, आजच्या हॉकीच्या काठीसारखें असे. पुढें गोलंदाज चेंडूस टप्पा देऊं लागले. उसळून येणाऱ्या चेंडूस वांकडी काठी पुरी पडेना, तेव्हां ती सरळ झाली व रुंदावली. किती रुंदावावी यास प्रथम कांहीं मर्यादा नव्हती. १७७१ सालीं चर्ट्सी व हॅम्बल्डन यांच्या सामन्यांत थॉमस व्हाइट नांवाचा एक गृहस्थ यष्ट्या पूर्णपणें झांकल्या जातील एवढी रुंद बॅट घेऊन उभा राहिला. हॅम्बल्डनकरांनीं त्यास हरकत घेतली, आणि बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक असूं नये असें ठरलें. ती मर्यादा आजपर्यंत कायम आहे. ३८ इंच लांबीचा नियम १८३५ सालचा. मनुष्यस्वभाव कसा आहे पाहा: आधीं कोणी तरी मर्यादा ओलांडतो, आणि मग ती मर्यादा लिहिली जाते.

बॅटीचें पातें विलो नांवाच्या झाडाचें करितात. आपल्याकडे ओढ्यांच्या कांठीं वाळुंज म्हणून जें झाड वाढतें, तें याच कुळांतलें होय. परंतु बॅटीस लागतो तो इंग्लंडांतील पांढऱ्या विलोचा एक विशेष प्रकार. त्याचें लांकूड वजनानें हलकें, तरी आघात सोसून परत फेंकणारें असतें. आपल्या देशांत काश्मीरचा विलो वापरतात. अनंतनाग जिल्ह्यांत संगमच्या आसपास श्रीनगरच्या हमरस्त्यालगत या फळ्यांच्या चळतीच्या चळती वाळत घातलेल्या दिसतात. मूठ वेताची, आणि वेताच्या चिरफळ्यांमध्यें रबराच्या पट्ट्या. हिसका हातास कमी बसावा म्हणून ही योजना. मूठ खालीं पाचरीसारखी निमुळती करून पात्याच्या खांचेंत बसवितात व सरसानें जोडतात. नवें पातें दाबयंत्राखालीं दाबून त्याचे तंतू घट्ट करितात. तरीहि खेळावयास घेण्यापूर्वीं त्यास जवसाचें तेल पाजावें लागतें आणि लांकडी हातोडीनें तासन् तास ठोकावें लागतें. आमच्या जुन्या पाठशाळेंत पाठांतराची जी रीति होती, तीच ही: आधीं ठोकून घ्यावें, मग मैदानांत उतरावें.

पूर्वींची बॅट आजच्या मानानें सडपातळ असे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनीं १९२६ सालीं गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस १४८ धावा केल्या, आणि पुढें त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक मिळविला. त्या पिढीच्या बॅटी हलक्या व पातळ कडांच्या असत. खुद्द ब्रॅडमन यांची बॅट सव्वादोन पौंडांहून किंचित हलकीच होती. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर यांनीं काठेवाड संघाविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांत ४९ चौकार आणि षट्कार अवघा एक. आमच्यासारख्या मास्तरानें हिशेब मांडिला कीं २०२ धावा सीमेपार गेलेल्या फटक्यांच्या, आणि उरलेल्या २४१ पायांनीं पळून काढलेल्या! बॅट मोठी नव्हती. उभा राहणारा मोठा होता.

त्यानंतरच्या काळांत बॅटीच्या अंगांत पालट फार झाले. १९७४ च्या सुमारास ग्रे-निकल्स या इंग्रजी कारखान्यानें पाठीचें लांकूड मधोमध कोरून काढलेली व तो खळगा तांबडा रंगविलेली बॅट आणिली. वजन मधून काढून कडांकडे सरकविण्याची ती युक्ति होती. आजहि गांवोगांव टेनिसच्या चेंडूच्या स्पर्धांत पाठ कोरलेल्या हलक्या बॅटी दिसतात; त्यांची कल्पना हीच. डिसेंबर १९७९ मध्यें पर्थ येथें डेनिस लिली यानें ॲल्युमिनियमची बॅट मैदानांत आणिली. चेंडू खराब होतो अशी तक्रार झाली, आणि पातें लांकडाचेंच असावें असें नियमांत आलें. पुढें बॅटी जाड होत गेल्या. सचिन तेंडुलकर यांची बॅट तीन पौंडांहून जड असे. आणखी कांहीं वर्षांनीं तर लांकूड वजनास हलकें ठेवून जाडी भलतीच वाढविण्याची कला कारागिरांस साधली. अखेर १ ऑक्टोबर २०१७ पासून कड ४० मिलिमीटर व पात्याची जाडी ६७ मिलिमीटर यांहून अधिक असूं नये, असा निर्बंध घालावा लागला. व्हाइटच्या रुंद बॅटीनंतर जवळ जवळ अडीचशें वर्षांनीं तोच धडा पुनः गिरविला गेला.

आतां बॅटीवरील लेखनाविषयीं. जी बॅट जगांत सर्वांत जुनी म्हणून लंडनच्या ओव्हल मैदानावर जपून ठेविली आहे, तिच्यावर मालकाच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें व १७२९ हें साल आहे. म्हणजे पहिलें नांव धन्याचें. एकोणिसाव्या शतकांत बॅट करणारीं दुकानें निघालीं. त्यांतील कित्येक स्वतः खेळणाऱ्यांचींच होतीं. नॉटिंगहॅमचा विल्यम गन हा नामांकित फलंदाज. त्यानें मूर नांवाच्या भागीदारासह १८८५ सालीं काढलेलें दुकान आजहि चालू आहे. अशा दुकानांचें नांव लांकडावर ठसा उठवून उमटवीत. हें दुसरें नांव कर्त्याचें. तिसरें नांव खेळाडूचें: ब्रॅडमन यांची स्वाक्षरी छापलेल्या बॅटी यॉर्कशरांतील साइक्स यांच्या कारखान्यानें विकल्या. आपल्याकडे फाळणीपूर्वीं हा धंदा सियालकोटास होता. तेथें १९३१ सालीं निघालेला सॅन्सपॅरिल्स ग्रीनलँड्स हा कारखाना फाळणीनंतर मेरठेस स्थिरावला, एस. जी. या त्याच्या दोन अक्षरांशीं सुनील गावसकर यांचें नांव जोडलें गेलें. सियालकोटाहून आलेल्या कारागिरांनीं मेरठ व जालंधर हीं दोन्ही शहरें या धंद्यांत नांवारूपास आणिलीं. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ज्याचें नांव, त्याचा त्या लांकडाशीं कांहीं तरी हाताचा संबंध आहे: तो धनी आहे, कर्ता आहे, किंवा खेळणारा आहे.

चौथा प्रकार आमच्या डोळ्यांदेखत आला. १९९६ च्या विश्वचषकांत तेंडुलकर यांनीं सर्वांहून अधिक म्हणजे ५२३ धावा केल्या, तेव्हां त्यांच्या बॅटीवर कसलेंहि स्टिकर नव्हतें; कोरें लांकूड तेवढें चमकत होतें. त्यानंतर त्यावर एम. आर. एफ. हीं तीन अक्षरें आलीं. हा कारखाना टायरांचा. १९४६ सालीं मद्रासेस मुलांच्या खेळण्यांतील रबरी फुगे करण्यापासून त्याचा आरंभ झाला. टायर करणाऱ्याचें नांव बॅटीवर! लांकूड कोणाचें, तासणारा कोण, याचा त्या अक्षरांशीं संबंध उरला नाहीं. ठसा गेला, रंगीत चिकट कागद आला. आणि कागद कोणत्याहि लांकडावर बसतो. एका मोठ्या खेळाडूची बॅट एका कारखान्यांत घडावी आणि तिच्यावर नांव दुसऱ्याचें डकवावें, ही आतां या व्यवहारांतील नित्याची गोष्ट झाली आहे. २०१७ सालीं विराट कोहली यांच्या बॅटीवरील त्याच तीन अक्षरांसाठीं आठ वर्षांचा, सुमारें शंभर कोटी रुपयांचा करार झाल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें. सव्वाचार इंच रुंदीच्या फळीवर याहून महाग जागा दुसरी नसेल. एकदां तर पाठीवरील त्या पट्टीनेंच वाद माजविला. रिकी पाँटिंग यांच्या बॅटीच्या पाठीवर कार्बनचे तंतू घातलेली पट्टी होती. ती नियमांत बसत नाहीं असें ठरून २००६ सालीं कारखान्यास तो प्रकार मागें घ्यावा लागला.

या व्यवहारास एक अपवादहि सांगितला पाहिजे. २०१९ च्या विश्वचषकांत महेंद्रसिंह धोनी निरनिराळ्या सामन्यांत निरनिराळ्या कारखान्यांचीं नांवें लावून खेळले. आरंभीच्या दिवसांत ज्यांनीं साह्य केलें त्यांचे आभार म्हणून, आणि मोबदला न घेतां, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. म्हणजे चिकट कागदावरहि कृतज्ञता लिहितां येते.

आतां आमच्या चुकीची गोष्ट. १९९८ च्या एप्रिलांत शारजा येथें तेंडुलकर यांनीं २२ व २४ तारखेस ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ व १३४ अशीं दोन शतकें केलीं. आम्ही तेव्हां याच भागांतील एका शाळेंत होतों. आठवडाभरांत वर्गांतील प्रत्येक फळीवर तीं तीन अक्षरें उमटलीं; कोणी खडूनें लिहिलीं, कोणी बॉलपेननें, कोणी कोळशानें. एका सुताराच्या मुलापाशीं बापानें बैलगाडीच्या उरल्या लांकडांतून तासून दिलेली बॅट होती. त्यानें लाल तैलरंगानें तीं अक्षरें इतकीं रेखीव काढलीं होतीं कीं तीं छापल्यासारखीं दिसत. आम्हीं त्यास वर्गापुढें उभें केलें व विचारलें, "ही बॅट त्या कारखान्याची आहे काय?" तो म्हणाला, "नाही, गुरुजी." "मग ही लबाडी झाली," असें म्हणून आम्हीं मुद्राराक्षसांतील कथानक सांगितलें: राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं पडते, तिनें एका बनावट पत्रावर शिक्का उठतो, आणि त्या शिक्क्यापायीं राक्षस व मलयकेतु यांचा स्नेह तुटतो. दुसऱ्याची मुद्रा वापरणें हा केवढा अपराध, हें सांगून आम्हीं त्यास तीं अक्षरें कांचेच्या तुकड्यानें खरवडावयास लाविलीं. मुलगा एक शब्द न बोलतां खरवडीत बसला. मुलें हंसत होतीं, आणि आम्हीं त्यांस थांबविलें नाहीं.

सायंकाळीं त्याचा बाप दाराशीं आला. आवाज न चढवितां तो म्हणाला, "गुरुजी, आमी गाडीच्या साट्यावर 'श्री' लिवतो. म्हंजी गाडी देवानं केली म्हून लिवतो व्हय?" आम्हीं "शाळेचा नियम तो नियम" असें कांहीं तरी बोलून आंत निघून गेलों. खरी गोष्ट अशी कीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सेतु बांधतांना वानरांनीं शिळांवर रामनाम लिहिलें अशी कथा आपण मुलांस सांगतों; त्या वानरांस कोणी बनावट लेख करणारे म्हणत नाहीं. भक्तीनें घातलेलें नांव आणि गिऱ्हाईक फसविण्यासाठीं डकविलेलें नांव यांतील अंतर त्या अशिक्षित बापास कळलें होतें. संस्कृत शिकलेल्या मास्तरास तें कळलें नाहीं. त्या मुलानें पुढें शाळेंत बॅट आणिली नाहीं.

तोच मुलगा आज बापाच्या जागीं सुतारकाम करितो. दारें, खिडक्या हें त्याचें मुख्य काम. स्पर्धांच्या दिवसांत आसपासच्या गांवांतील पोरें बॅटी दुरुस्तीस आणितात. नातवाची चिरलेली बॅट घेऊन आम्ही त्याच्याकडेच गेलों. त्यानें प्रथम सगळे स्टिकर सोलून काढिले व पातें उन्हाकडे धरिलें. मग मुलास जवळ बसवून तो लांकूड वाचावयास शिकवूं लागला. हा पाठ वाचकांच्याहि उपयोगी पडेल म्हणून येथें देतों. पात्यावरील उभ्या रेषा मुठीपासून खालपर्यंत सरळ जाव्या. तिरप्या जात असतील तर तेथेंच फळी चिरण्याचें भय. गांठ कडेस किंवा चेंडू लागतो त्या भागांत असूं नये. बॅट हातांत तोलून पाहावी. दुकानदार सांगेल त्या वजनावर जाऊं नये, मुलाच्या मनगटास पेलते कीं नाहीं हें पाहावें. लांकडी हातोडीनें हलकें ठोकून आवाज ऐकावा. बद्द आवाज आला तर आंत पोकळ आहे किंवा चीर आहे असें समजावें. आणि ज्या जागीं स्टिकर सर्वांत मोठें असेल, ती जागा बोटानें दाबून, कडेनें नीट न्याहाळून घ्यावी. मुलांच्या पालकांनीं एवढें केलें तरी पुष्कळ रुपये वांचतील, आणि रुपयांहून अधिक म्हणजे मुलांचा विश्वास वांचेल.

चार दिवसांनीं बॅट तयार झाली. जुनी लांबी खरवडून, चिरेंत सरस भरून, वरून दोऱ्याचे घट्ट वेढे दिले होते. सर्वांगास जवसाचें तेल लाविलें होतें. लांकूड उघडें पडल्यामुळें ती थोडी बोडकी, परंतु प्रामाणिक दिसत होती. आम्हीं पैसे पुढें केले, तो घेईना. तेव्हां आम्हीं म्हणालों, "निदान तुझें नांव तरी हिच्यावर घाल." तो हंसला आणि खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, तुमीच त्या साली खरडाया लावलं व्हतं. तवापास्नं म्या लाकडावर काय बी लिवत न्हाई."

सव्वीस-सत्तावीस वर्षांनीं तो बोल आमच्या पदरीं पडला. आम्हीं नातवादेखत त्यास सांगितलें कीं त्या दिवशीं चूक तुझी नव्हती, आमची होती. लबाडी कोणती आणि माया कोणती हें आम्हांस ओळखतां आलें नाहीं. तो कांहीं बोलला नाहीं. कानावरची पेन्सिल काढून त्यानें मुठीच्या खालीं, खांद्याजवळ, बारीक अक्षरांत आपलें नांव लिहिलें व त्याखालीं 'कासुर्डी' असें लिहिलें. अक्षर अजून तसेंच रेखीव आहे.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें. वरचें नांव खरें असूनहि खालचें लांकूड खोटें असूं शकतें, कारण तें नांव त्या लांकडाचें जामीन राहिलेलें नसतें. तें केवळ त्यावर भाड्यानें राहतें. नांव घालावें तें त्याचें, ज्याच्या दाराशीं वस्तु परत घेऊन जातां येतें. पुण्यास मित्रांनीं त्यास ही कोणत्या कंपनीची बॅट म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें तीं पेन्सिलीचीं अक्षरें दाखविलीं, असें मुलीनें कळविलें आहे. कांहीं हंसले असतील. परंतु बॅट पुनः चिरली तर ती कोणाकडे न्यावयाची, हें त्यास आतां ठाऊक आहे.